प्रबंधाच्या संदर्भसूचीसाठी बिबलाटेक आणि बायबर

आखाजीच्या (खानदेशातील अक्षय्य तृतीयेच्या सणाच्या) अहिराणी गाण्यांवरील माझ्या प्रबंधाची संदर्भसूची मी आधी धुळ्यातील एका डीटीपी केंद्रात जुळवून घेतली होती. तिथला फॉन्ट युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची सामाईक संगणकीय अक्षरप्रणाली) नसल्याने अकारविल्हे क्रम हातानेच लावावा लागे आणि एक पुस्तक वाढले की सारी सूची पुन्हा तपासावी लागे. त्याला कंटाळून मी लाटेक या अक्षरजुळणीच्या संगणकप्रणालीकडे वळलो. गेले वर्षभर त्यातील संदर्भ आणि सूची मांडणारे बिबलाटेक हे पॅकेज (जोड-संच) आणि त्याच्या जोडीचा, नोंदींचा क्रम लावणारा बायबर हा प्रोग्राम वापरतो आहे. दोन्ही विनामूल्य आहेत.

१९८५ मधला बिबटेक हा याच कामाचा जुना प्रोग्राम आजही अनेक जण वापरतात, परंतु तो युनिकोडपूर्व काळातला असल्याने देवनागरीचा वर्णक्रम त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. बायबर मात्र युनिकोडच्या नियमांनी क्रम लावतो. काहीच न सांगितल्यास ‘क्षीरसागर’ हे आडनाव ‘क’मध्ये जाऊन बसते, क्रमाची भाषा मराठी ठरवून दिली की ते आपल्या कोशांप्रमाणे ‘ह’ आणि ‘ळ’ यांच्यानंतर येते. माझ्या दृष्टीने एवढ्यासाठीच हा प्रोग्राम शिकण्याचे कष्ट सार्थकी लागतात.

नोंदी करण्याचे काम मात्र चिकाटीचे आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळाचे नाव लेखकाच्या रकान्यात सरळ लिहिले, तर बायबर शेवटच्या शब्दाला आडनाव समजतो आणि सूचीत ‘मंडळ’ नावाचे एक गृहस्थ अवतरतात! संस्थेचे नाव दुहेरी महिरपी कंसांत घातले म्हणजे ते अखंड राहते. दोन लेखकांमधला ‘अँड’ हा शब्द रोमन लिपीतच लिहावा लागतो. तिथे ‘आणि’ लिहिल्यास दोघांची मिळून एकच व्यक्ती होते. ‘डॉ.’, ‘प्रा.’ या उपाध्या नावातून गाळलेल्याच बऱ्या.

आधी झीलाटेक (लाटेकची युनिकोड जाणणारी आवृत्ती), मग बायबर आणि पुन्हा दोनदा झीलाटेक, असा क्रम चालवावा लागतो. तो चुकला की मजकुरातील संदर्भाच्या जागी नोंदीला आपण दिलेली खूणच ठळक अक्षरांत उमटते. पंचवीस-तीस संदर्भांच्या लेखासाठी हा खटाटोप करू नये. दोन-तीनशे नोंदींचा प्रबंध असेल तर अवश्य करावा, मात्र बिबलाटेक आणि बायबर यांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळणाऱ्या हव्यात, म्हणून प्रबंध सादर होईपर्यंत त्यांतली एकच अद्ययावत करण्याच्या फंदात पडू नये.