‘३० अंशांखाली ठेवा’ म्हणे! परभणीच्या उन्हात सनस्क्रीनचे सात महिने

ट्यूबच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय, ‘३० अंश सेल्सिअसखाली ठेवा’. मे महिन्यात परभणीत अशी जागा कुठं मिळते, तेही छापायचं ना!

मी कृषी सहायक. दिवसभर गाडीवर, नाहीतर शिवारात. फेब्रुवारीत एसपीएफ (चामडी भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपासून बचावाचा आकडा) ५०, पीए (यूव्हीए किरणांपासून बचावाची खूण) चार प्लसवाली ५० ग्रॅमची ट्यूब ४४५ रुपयांना घेतली अन् डिकीत टाकली. मेमध्ये जिंतूर रोडला लिंबाखाली थांबून झाकण उघडलं, तर आधी पिवळट पाणी गळालं, मागून नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या. कस्टमर केअरच्या मॅडम म्हणाल्या, “सर, थंड, कोरड्या जागी ठेवायचं असतं.” म्हटलं, “इथं रात्रीसुद्धा घरात तेहतीस असतंय.” “लेबलवर दिलंय सर.” विषय संपला. क्रीम असं फुटलं की त्वचेवर थर सारखा बसत नाही, म्हणजे ट्यूब गेलीच.

एक स्टार देऊन मोकळा होणार होतो. तसंही तोंड काळवंडलेलंच होतं. पण बी.फार्म करणाऱ्या पुतणीनं विचारलं, “काका, लावता किती?” हरभऱ्याएवढं. ती हसायलाच लागली. एसपीएफचा आकडा काढतात तो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन. म्हणजे तोंडामानेला दोन बोटांवर भरून दोन रेघा, सव्वा ग्रॅमच्या आसपास. उन्हाघामात असलं की दर दोन तासांनी पुन्हा. हिशेब मांडला, दिवसातून एकदाच लावली तरी ५० ग्रॅम चाळीस दिवसांत साफ. मी ती तीन महिने पुरवली होती, वर चारचौघांत सांगतही होतो!

म्हणून दुसरी एसपीएफ ३० वाली घेतली. यूव्हीबी किरणांपैकी ३० वाली सुमारे ९७ टक्के अडवते, ५० वाली ९८. एका टक्क्यासाठी दीडशे रुपये जास्त कोण देणार? पीए मात्र सोडलं नाही. यूव्हीए खोलवर जाऊन सुरकुत्या आणतात आणि काचेतूनही आत येतात, म्हणजे बैठकीला जीपची काच लावून गेलं तरी सुटका नाही.

ही झिंक ऑक्साइडवाली, त्यामुळे तोंड पांढरंफटक. अण्णा रोज विचारतात, “पीठ लावून कुठं चाललास रे?” सुरुवातीला दस्ती बांधून लपवायचो. पण दर उन्हाळ्यात मानेची साल निघायची, ती यंदा निघाली नाही. कानाच्या पाळ्यांना लावायचं राहिलं, तर नेमक्या त्याच सोलल्या. तीन स्टार वाढवले.

एक कापला तो त्या ३० अंशांचा. थर्मामीटर घेऊन घरभर हिंडलो. देवघर ३६, कपाट ३७, माठाखालची ओली वाळू २९. आता ट्यूब प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तिथं पुरलेली असते. आई पाणी घ्यायला वाकली की म्हणते, “ह्याची कुंडली बघा, माठाखाली जागा मिळाली.”