मालवणला विमानाने जाऊन खरंच किती वेळ वाचतो?

तिकिटाच्या ॲपवर मुंबई ते मोपा, म्हणजे उत्तर गोव्यातला विमानतळ, सव्वा तास दिसतं आणि माणूस तिथेच भुलतो. सरळ रेषेत हे अंतर ३९० किलोमीटरच्या आसपास. पण मोपा गोव्याच्या पेडणे तालुक्यात आहे, मालवणात नाही.

दादरच्या माणसाचा हिशोब घरापासून घरापर्यंत मांडू. विमानतळ गाठायला तास, आत रांगा आणि तपासणीसाठी दीड तास, उड्डाण सव्वा तास, बॅगा मिळायला अर्धा तास. मग बांदा, कुडाळ करत मालवण गाठायला दोन तास. झाले सव्वासहा. तेच वंदे भारतने गेलात तर पहाटे दादरला गाडीत बसून साधारण साडेपाच तासांत कणकवली, पुढे रिक्षा-गाडीने सव्वा तास. घरून स्टेशनचा अर्धा तास धरला तरी सव्वासात. म्हणजे ‘सव्वा तासाच्या’ प्रवासाने प्रत्यक्षात वाचवला एक तास. तोही विमान वेळेवर सुटलं तर.

पावसाळ्यात गणित बदलतं. कोकण रेल्वे या दिवसांत वेग कमी ठेवून पावसाळी वेळापत्रकावर चालते. एरवी मडगावपर्यंत पावणेआठ तास घेणारी वंदे भारत मग दहा तासांच्या घरात जाते. तेव्हा विमान सरस, पण ढगांनी आडकाठी केली नाही तर.

गाव कुठलं, यावर सगळं आहे. बांदा, सावंतवाडी, आरोंदा, शिरोडा या बाजूला घर असेल तर मोपाच. वंदे भारत कुडाळला नि सावंतवाडीलाही थांबत नाही, त्यामुळे तिथे तिचा उपयोग थोडा; तुतारी, कोकणकन्या या रात्रीच्या गाड्या मात्र झोपेत नेऊन सोडतात. देवगड, वैभववाडी, कणकवलीवाल्यांनी विमानाचा विचार सोडलेलाच बरा. गोव्याचा जुना विमानतळ दाबोळी तर आणखी दक्षिणेला, मांडवी आणि झुआरी दोन्ही नद्या ओलांडून. तिकीट फारच स्वस्त मिळालं तरच.

आणि चिपी? नकाशावर उत्तर तेच आहे. परुळे-चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, मुंबईपासून सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटर, तिथून मालवण तासाभराच्या आत. पण मुंबईची सेवा कधी सुरू, कधी बंद असंच चाललंय. ज्या दिवशी जायचंय त्या दिवशी विमान आहे का, ते बघूनच रजा टाका.

खर्चात मोपाहून मालवणच्या गाडीचं भाडं धरायला लोक विसरतात. एकट्याला ते जड जातं. चौघे असाल तर गाडीभाडं वाटलं जातं, पण विमानाची तिकिटं चार होतात. शिवाय सामान. स्वस्त विमान कंपन्यांत सहसा १५ किलोची बॅग आणि हातात ७ किलो. येताना आईने बांधून दिलेले तांदूळ, कुळीथ, कोकमं, आंब्याची पेटी त्यात कशी बसवणार? सुकं खोबरं तर चेक-इन बॅगेत चालतच नाही. रेल्वेत ही कटकट नाही.

म्हणून मालवणसाठी माझं मत: ऑक्टोबर अखेर ते मे रेल्वे, भर पावसात किंवा दोनच दिवसांची रजा असेल तर मोपा. चतुर्थीला मात्र निवड तुमच्या हातात उरत नाही. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या सकाळी मिळालं तर मिळालं. नाही तर विमानाचे दर बघण्याआधी एसटीच्या जादा गाड्यांची चौकशी करा.