झिजलेला ग्रिप-शिफ्टर काढून अंगठ्याचा शिफ्टर: धुळ्यात तिन्ही ऋतू वापरल्यानंतरचा अनुभव

आधी सायकल सांगते, म्हणजे पुढचं कोणाला लागू पडेल ते कळेल. साधी २१ गिअरची हायब्रिड: मागे १४ ते २८ दातांचं सात चकत्यांचं आट्याचं फ्रीव्हील, पुढे तीन चकत्या आणि मूळचा, मूठ पिळून गिअर बदलायचा प्लॅस्टिकचा ग्रिप-शिफ्टर. देवपूरहून पांझरेचा पूल ओलांडून अवधान एमआयडीसीपर्यंत रोज जाणं-येणं, आणि रविवारी उन्हाचा अंदाज घेऊन लळिंगचा चढ नाहीतर सोनगीर. उजव्या हाताचा ग्रिप-शिफ्टर मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर काढला आणि अंगठ्याने ढकलायचा शिफ्टर बसवला. पावसाळा, हिवाळा आणि आता हा उन्हाळा, सगळे त्यावर निघाले.

कंपनीचं नाव लिहीत नाही. या प्रकारचे शिफ्टर दोन-तीन कंपन्यांचे मिळतात आणि आतली रचना जवळपास सारखीच असते: हँडलच्या वर एक लांब दांडी, आत खाचांची धातूची चकती, आणि वर एक कळ. कळ एका बाजूला असली की दांडी क्लिक-क्लिक करत ठरलेल्या जागी थांबते. दुसऱ्या बाजूला फिरवली की क्लिक बंद आणि दांडी घर्षणावर कुठेही थांबते, म्हणजे फ्रिक्शन मोड. सगळ्या अंगठा-शिफ्टरना ही कळ नसते. मी तेवढ्यासाठीच हा निवडला आणि तुम्हीही घेताना आधी तेच बघा.

जुन्याचं दुखणं असं होतं. चौथ्या गिअरला टाकलं की पाच-दहा पायडल ठीक, मग चेन आपणहून पाचव्यावर उतरायची. वायर ताणायची बारीक नळी, तिला बॅरल ॲडजस्टर म्हणतात, अर्धा फेरा फिरवून ताण वाढवला की चौथा टिकायचा, पण दुसऱ्यात चेन शेजारच्या मोठ्या चकतीला घासून कुरकुरायची. दुसरा शांत केला की चौथा पुन्हा सुटायचा. एक गिअर जुळवला की दुसरा बिघडतो आणि मधली जागाच सापडत नाही, हे लक्षण नीट लक्षात ठेवा. सगळेच गिअर सारखे सरकले असतील तर तो नुसता वायरचा ताण असतो आणि ॲडजस्टरने मिटतो.

हे असं का होतं ते थोडं हिशोबाने सांगते, कारण हिशोब कळला की दुकानात कोणी काहीही सांगून गळ्यात मारू शकत नाही. शिमानो या जपानी कंपनीच्या सात-स्पीड मापात, म्हणजे मागे सात चकत्या असताना, शेजारच्या दोन चकत्यांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, ५ मिलिमीटर असतं. शिफ्टर एका क्लिकला साधारण २.९ मिलिमीटर वायर ओढतो आणि मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, ते अंतर सुमारे १.७ पट करून चेन बाजूला ढकलतो. म्हणजे क्लिकच्या खाचेत अर्धा मिलिमीटर ढिलाई आली तर चेनजवळ ती पाऊण मिलिमीटरच्या वर जाते. ५ मध्ये एवढी चूक म्हणजे चेन चकतीच्या मधोमध न राहता एका कडेला चालणार, आणि खड्ड्यात हिसका बसला की उतरणार. आठ-नऊ स्पीडमध्ये चकत्या आणखी जवळ, त्यामुळे तिथे माफी आणखी कमी. शिमानोने १९८४ मध्ये ड्युरा-एस ७४०० या गिअरच्या संचाबरोबर इंडेक्स पद्धत, म्हणजे हीच क्लिकची पद्धत, आणली तेव्हा मागे सहाच चकत्या होत्या, तरी त्या दांड्यांवर क्लिक बंद करायची सोय ठेवली होती. कोणी ठेवायला लावली माहीत नाही, पण रस्त्यावर सायकल चालवणाराच असणार.

तरीही शिफ्टरवर आळ घेण्याआधी बाकीचे संशयित तपासावेच लागतात. आमच्या इकडचे जुने मिस्त्री तर दुखणं ऐकायच्या आधीच सांगतात, "पहिले वायर बदलीसन दखा ताई, मंग शिफ्टरनं बोला." आणि दहातल्या बऱ्याच सायकलींना त्यांचं म्हणणं लागू पडतं. आपल्याकडची काळी माती पावसात चिखल होऊन आउटरच्या, म्हणजे वायरवरच्या नळीसारख्या आवरणाच्या, तोंडातून आत जाते, ऑक्टोबरच्या उन्हात वाळते आणि आत भुकटी होऊन बसते. अशी वायर ओढताना ओढली जाते, पण सोडताना अडकते. म्हणून मोठ्या चकतीकडे गिअर झटकन पडतात आणि लहान चकतीकडे जाताना उशीर लागतो. हे लक्षण असेल तर शिफ्टर निर्दोष आहे, वायर आणि आउटर दोन्ही बदला.

आउटर बदलताना एक फसवणूक होते, बहुतेकदा अज्ञानाने. गिअरचं आउटर ४ मिलिमीटरचं आणि आतल्या तारा उभ्या, लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे ते दाबलं जात नाही. ब्रेकचं आउटर ५ मिलिमीटरचं आणि आत स्प्रिंगसारखा गुंडाळलेला पट्टा असतो, ते ताणाखाली आणि वळणावर किंचित आखडतं. बऱ्याच दुकानांत ब्रेकचंच आउटर कापून गिअरला लावून देतात. ब्रेकला तेवढं आखडणं चालतं. गिअरला चालत नाही, कारण वरचा हिशोब अर्ध्या मिलिमीटरचा आहे. उलट प्रकार, म्हणजे उभ्या तारांचं गिअरचं आउटर ब्रेकला, हा तर कधीच करू देऊ नका. जोरात ब्रेक दाबला की ते फाटू शकतं. आतली वायरही गिअरला १.२ मिलिमीटरची, ब्रेकची त्याहून जाड.

पुढचा संशयित हँगर, म्हणजे फ्रेमला जिथे मागचा डिरेलर लटकतो तो कान. सायकल उजव्या अंगावर पडली की तो आत वाकतो. मागे उकिडवं बसून बघायचं: डिरेलरची दोन्ही छोटी चाकं आणि फ्रीव्हीलची चकती एका रेषेत दिसली पाहिजेत. लहान चकत्यांवर ठीक आणि मोठ्यांकडे जावं तसं बिघडत जातं, असं असेल तर आधी इथेच बघा. मग चेन. एका पिनेपासून पुढच्या चोविसाव्या पिनेपर्यंतची लांबी नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंच भरते. पट्टीवर १२ आणि एक सोळांश इंच, म्हणजे दीड मिलिमीटर जास्त, भरली की चेन बदलायची. एक अष्टमांश जास्त भरली तर फ्रीव्हीलही गेलं समजा. झिजलेल्या दातांवर चेन उडते ती जोर लावल्यावर, चढावर, आणि त्याच एक-दोन लाडक्या चकत्यांवर. तो झटका पायाला बसतो. शिफ्टरच्या खाचेमुळे चेन सरकते तेव्हा झटका न बसता ती शेजारी जाऊन बसते आणि तिथेच राहते. दोन्ही एकदा अनुभवलं की पायालाच फरक कळतो.

हे सगळं तपासून, नवी वायर आणि योग्य आउटर घालूनही माझा चौथा गिअर सुटायचाच. मग खुद्द शिफ्टरची परीक्षा घेतली, आणि ती घरी कोणालाही जमते. डिरेलरजवळचा बोल्ट सैल करून वायर मोकळी करा, एका हाताने ती डिरेलरच्या स्प्रिंगइतक्या जोराने ताणून धरा, वायरवर चिकटपट्टीची खूण करा आणि एकेक क्लिक देत पट्टीवर खूण किती सरकते ते बघा. सात-स्पीडला सहा क्लिक मिळून १७-१८ मिलिमीटर यायला हवेत. सगळे क्लिक अगदी सारखे नसतात, पण दर वेळी तीनच्या आसपास भरले पाहिजेत. माझ्या ग्रिपचा एक क्लिक जेमतेम दोनचा आणि त्याच्या पुढचा जवळपास चारचा. वर, चौथ्याच्या जागी वायर जरा जोराने ओढली की मूठ हातातल्या हातात मागे फिरायची. उघडून पाहिलं तर मधल्या तीन खाचांच्या कडा जुन्या वाड्याच्या दगडी पायरीसारख्या गोल झालेल्या. पहिल्या आणि शेवटच्या खाचा कोऱ्या करकरीत. शहरात सगळं चालवणं तिसऱ्या-चौथ्या-पाचव्यातच होतं, मग दुसरं काय होणार! प्लॅस्टिकच्या त्या खाचा भरून येत नाहीत. तेल-ग्रीस घालून तर मूठ आणखी सहज निसटते.

बसवताना दोन गोष्टी आधी कळलेल्या बऱ्या. ग्रिप-शिफ्टरच्या सायकलवर रबरी मूठ आखूड असते. शिफ्टर काढला की हँडलचा तेवढा भाग उघडा पडतो, त्यामुळे लांब मुठींची जोडी सोबतच आणावी लागते. आणि ब्रेकची दांडी वेगळी आहे का ते बघा. माझी वेगळी होती म्हणून काम सोपं झालं. ब्रेक आणि शिफ्टर एकाच खोक्यात असतील तर ब्रेकची दांडीही नवी घ्यावी लागेल. सपाट हँडलचा मुठीजवळचा व्यास बहुतेक ठिकाणी २२.२ मिलिमीटरच असतो, तिथे अडचण येत नाही. उजवा एकटा शिफ्टर हजाराच्या आतबाहेर पडला. डावा अजून जुनाच ग्रिपचा आहे, पुढच्या तीन चकत्यांना एवढी काटेकोर खाच लागत नाही.

आता वापराबद्दल. क्लिक जोरकस आणि आवाज मोठा. पहिले काही दिवस सिग्नलला शेजारचा मोटारसायकलवाला वळून बघायचा. दांडी एका ढकलीत तीन-चार गिअर ओलांडते, आणि लळिंगच्या चढाच्या सुरुवातीला हीच गोष्ट मला सर्वांत आवडते. ट्रिगर-शिफ्टरवाल्यात, म्हणजे दर दाबाला थोडेच गिअर बदलून दांडी परत जागेवर येते त्या प्रकारात, तिथे दोनदा-तीनदा दाबत बसावं लागतं. दांडी कुठे आहे ते अंगठ्याला कळतं, त्यामुळे गिअरचा आकडा दाखवणारी खिडकी नसली तरी अडत नाही.

पावसाळ्यात कळीचा खरा उपयोग कळला. चिखलाने वायर जड झाली आणि क्लिकवर गिअर बरोबर पडेनात, तेव्हा कळ फिरवली, फ्रिक्शनवर आले आणि कानाने गिअर जुळवत घरी पोचले. चेन कुरकुरली की दांडी केसभर पुढे-मागे, आवाज थांबला की बस. आठवडाभर वायर साफ करायला वेळ मिळाला नाही तरी सायकल चालू राहिली. तपासणीलाही ही कळ कामाची आहे. फ्रिक्शनवर घेतल्यावरही चढाला चेन उडत असेल तर दोष चेन-फ्रीव्हीलचा. फ्रिक्शनवरही पहिला किंवा सातवा पडतच नसेल तर डिरेलरचे एच आणि एल स्क्रू, म्हणजे चेन दोन्ही टोकांना कुठवर जाईल ते ठरवणारे. फ्रिक्शनवर सगळं शांत आणि क्लिकवर पुन्हा गोंधळ, तर वायरचा ताण, आउटर किंवा खाच. वाकडा हँगर मात्र फ्रिक्शनवर लपून जातो, कारण आपण नकळत दांडीने ती चूक भरून काढतो. तो डोळ्यानेच बघायचा.

हिवाळ्यात धुळ्याचा पारा सहा-सात अंशांवर येतो त्या सकाळी याच्या क्लिकमध्ये काही फरक पडला नाही. मैत्रिणीची ट्रिगर-शिफ्टरची जुनी सायकल मात्र त्याच दिवसांत दगा द्यायची: दांडी दाबली की पोकळ फिरते, गिअर पडतच नाही. पुष्कळ जण अशा वेळी शिफ्टर मेला समजून टाकून देतात. बहुतेकदा तो मेलेला नसतो. आतलं कारखान्याचं ग्रीस वर्षांनी घट्ट होतं आणि खाचेत पडणारी बारीक खुंटी त्यात चिकटून बसते. थंडीत ते आणखी घट्ट. वरचं झाकण काढून आत साफ करणारा स्प्रे भरपूर मारायचा, दांडी शंभरदा दाबायची, घाण वाहून गेली की शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. पुन्हा जाड ग्रीस भरू नका. तिचा शिफ्टर असाच जिवंत झाला. आतली यंत्रणा सुटी करायचा मोह मात्र टाळा, त्यातली स्प्रिंग उडाली की सापडत नाही.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. फ्रिक्शनवर असताना दांडीचा स्क्रू हळूहळू सैल होतो आणि डिरेलरची स्प्रिंग दांडीला ओढून नेते, मधूनमधून पाव फेरा आवळावा लागतो. एप्रिल-मेच्या उन्हात पार्क केली की धातूची दांडी हात लावू देत नाही. ग्रिप सोडून अंगठा वर न्यावा लागतो, म्हणून खड्ड्यांतून जाताना गिअर बदलणं ग्रिप-शिफ्टरइतकं सोयीचं नाही. आणि सर्वांत मोठी अडचण खास आपल्याकडची. बाभळीच्या काट्यांनी पंक्चर झालं की आपण सायकल उलटी टेकवतो. आता उलटी केली की सायकलीचा भार थेट त्या दांडीवर येतो. हँडलखाली दोन्हीकडे चपला नाहीतर विटा सरकवून मगच उलटी करा, किंवा आडवी डाव्या अंगावर झोपवा, म्हणजे डिरेलरही वर राहतो.

घेताना मागच्या चकत्या मोजून तेवढ्याच स्पीडचा घ्या, आणि डिरेलर शिमानोच्या मापाचा आहे ना ते विचारा. स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या काही डिरेलरना एका गिअरसाठी वायर याहून बरीच जास्त ओढावी लागते, तिथे या शिफ्टरचे क्लिक जुळणार नाहीत. अशा सायकलवर तो फक्त फ्रिक्शनवर वापरता येईल, आणि तेही दांडीच्या पूर्ण फिरण्यात पुरेशी वायर ओढली जात असेल तर. दुकानात डिरेलरला न जोडता, हाताने वायर ताणून हे मोजून बघता येतं.