लघुप्रबंधासाठी कोणती गॉथिक कथा घ्यावी: ‘अशर’, ‘टेल-टेल हार्ट’ की ‘यलो वॉलपेपर’?

सोलापुरात इंग्रजी साहित्यात एम. ए. करताना ज्याने ‘गॉथिक लघुकथेतील भीतीचे चित्रण’ हा विषय पक्का केला आहे (गॉथिक म्हणजे जुने वाडे, गूढ आणि भय यांच्याभोवती फिरणारी कथा), त्याच्यापुढे बहुधा तीन कथा येतात. एडगर अ‍ॅलन पोच्या ‘द फॉल ऑफ द हाऊस ऑफ अशर’ (1839) आणि ‘द टेल-टेल हार्ट’ (1843) या दोन, आणि शार्लट पर्किन्स गिलमनची ‘द यलो वॉलपेपर’ (1892) ही तिसरी. तिन्ही कथा थोर आहेत; परंतु निवड थोरवीवर करू नये. भीती कोणत्या वाक्यात, कोणत्या युक्तीने निर्माण झाली हे बोट ठेवून दाखवता येते का, एवढीच कसोटी लावावी, कारण परीक्षक तेच विचारणार आहेत.

बहुतेक विद्यार्थी ‘अशर’कडे वळतात, कारण तिच्यात वाडा, तळघर, वादळ आणि पुरलेली बहीण असा सगळा सरंजाम एकाच ठिकाणी मिळतो. शरदातला काळवंडलेला, निःशब्द दिवस, खाली उतरलेले ढग आणि एकटा घोडेस्वार अशी तिची सुरुवात आहे. येथे सोलापूरच्या वाचकाची वेगळीच अडचण होते. पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यात आभाळ भरून आले की माणसे सुखावतात. ढगांनी येथे कुणाचा जीव गुदमरत नाही. तरीही ते वाक्य वाचताना कोंडल्यासारखे वाटते, याचे कारण हवामानात नसून रचनेत आहे. ‘ड’ने सुरू होणारी विशेषणे एकामागून एक येत राहतात आणि ‘मी’ हा कर्ता इतका उशिरा येतो, की तोवर वाचकाला कशाचाच आधार मिळत नाही. ही अडचण प्रबंधात मांडली तर तेच एक चांगले प्रकरण होईल. पुढे निवेदक मनावरचा ताण कमी करण्यासाठी वाड्याचे तळ्यातले प्रतिबिंब पाहतो आणि अधिकच शहारतो. छतापासून पाण्यापर्यंत उतरणारी, जेमतेम दिसणारी भेग तो जाता जाता नोंदवतो, आणि शेवटी त्याच भेगेतून वाडा दुभंगतो. जुळी भावंडे, कथेतली कविता, मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या ग्रंथातील आवाजांना घरातून मिळणारे प्रत्युत्तर, हे सारे प्रतिबिंबाचेच प्रकार आहेत. धोका असा, की एवढ्या समृद्धीपुढे विद्यार्थी ‘वातावरणनिर्मिती’ हा एकच शब्द वापरून पाने भरतो.

‘टेल-टेल हार्ट’मध्ये ही पळवाट नाही, कारण तिथे वातावरणच जवळजवळ नाही. एक खोली, एक म्हातारा, त्याचा खून करणारा निवेदक, म्हाताऱ्याचा पडदा आल्यासारखा फिकट निळा डोळा आणि कंदिलाची एक तिरीप, एवढेच साहित्य आहे. लांबी ‘अशर’च्या सुमारे एक तृतीयांश आहे. येथे भीती आवाजात आहे: तुटक वाक्ये, आडव्या रेघा, तेच शब्द पुन्हा पुन्हा, आणि आपण वेडे नाही हे पटवण्याचा हट्ट, जो प्रत्येक वाक्यागणिक उलटा पुरावा होत जातो. कथा मोठ्याने वाचून पाहावी. शेवटच्या परिच्छेदात वाचणाऱ्याचाच श्वास अपुरा पडतो. दोन जागा मात्र सहसा निसटतात. आठव्या रात्री अंधारात म्हातारा कण्हतो तेव्हा निवेदक सांगतो, की तो आवाज त्याला ओळखीचा आहे, कारण मध्यरात्री तो त्याच्याही छातीतून निघालेला आहे. मारणारा आणि मरणारा यांची भीती येथे एकच होते. दुसरी जागा उपमेची आहे. म्हाताऱ्याच्या हृदयाच्या ठोक्यांना कापसात गुंडाळलेल्या घड्याळाची उपमा दिली आहे, आणि शेवटी पोलिसांसमोर ऐकू येणाऱ्या आवाजालाही तीच उपमा आहे. हा आवाज मृताचा, की निवेदकाचा स्वतःचा, हा प्रश्न पो केवळ पुनरुक्तीने उभा करतो.

निवेदक हा या दोन कथांमधला खरा फरक आहे. ‘अशर’चा निवेदक बाहेरून आलेला, समजूतदार माणूस असून भीती त्याला हळूहळू लागण झाल्यासारखी ग्रासते, दुसऱ्या कथेचा निवेदक पहिल्या शब्दापासूनच भीतीच्या आत आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथांवर ज्यांचे वाचन पोसले आहे, त्यांना दुसरा अधिक लवकर हाताशी येईल, असे मला वाटते.

गिलमनच्या कथेत भीती वाचकाला आधी कळते आणि नायिकेला नंतर. डॉक्टर नवऱ्याने विश्रांतीसाठी ठेवलेल्या खोलीच्या खिडक्यांना गज आहेत, पलंग जमिनीला खिळलेला आहे, आणि ती मात्र ही पूर्वी मुलांची खोली असावी असे समजून नोंद लिहिते. भिंतकागदाची नक्षी आधी फक्त कुरूप, मग डोळे वटारणारी, आणि चांदण्यात गजांसारखी दिसू लागते. त्यामागे एक बाई वाकून हलते. दैनंदिनीचा साधा सूर हेच येथले भयाचे साधन आहे.

एका सत्रात काम संपवायचे असेल, तर मी ‘टेल-टेल हार्ट’ निवडायला सांगेन आणि ‘अशर’चा केवळ पहिला परिच्छेद विरोधी उदाहरण म्हणून घ्यायला सांगेन. स्त्रीवादी समीक्षेची ज्याला ओढ आहे आणि हाताशी वर्ष आहे, त्याने गिलमन घ्यावी; मात्र गिलमनवर उपचार करणारे डॉक्टर सायलस वीअर मिचेल यांची विश्रांती-चिकित्सा (रुग्णाला सक्तीने विश्रांती देऊन काम व लेखन बंद ठेवण्याची पद्धत) आणि कथा का लिहिली याविषयी लेखिकेने 1913 मध्ये दिलेला खुलासा, हे दोन्ही शेवटच्या प्रकरणापर्यंत बाजूला ठेवावे. ते आधी आणले, तर नक्षीकडे पाहण्याआधीच तिचा अर्थ ठरून जातो.