कोचला बाजूला घेऊन बोलावं की सरळ ताकीद द्यावी?

आमच्या तालुक्यातल्या पोरांच्या सॉफ्टबॉल सामन्यांत कोच म्हणजे बहुतेक गावातलाच एखादा भाऊ. पऱ्हाटीची वेचणी सोडून तो फुकट शिकवायला येतो. म्हणून तो अंपायरवर ओरडला की अंपायरनं काय करावं, हे ठरवणं कठीण जातं.

पहिला मार्ग शांतपणे बोलण्याचा. हाफ इनिंग, म्हणजे एका संघाची बॅटिंगची पाळी, संपली, की त्याच्याजवळ जायचं आणि हळू आवाजात म्हणायचं, "भाऊ, पोट्टे तुमच्याकडे पाहून राह्यले." नियम चुकीचा लावला असं वाटत असेल, तर विचारायचा त्याला हक्कच आहे आणि ते ऐकून घ्यावं. पण बॉल की स्ट्राइक (टाकलेला चेंडू ठरलेल्या पट्ट्याबाहेरून गेला की पट्ट्यातून), सेफ की आउट हा अंपायरच्या नजरेचा निर्णय, त्यावर प्रोटेस्ट, म्हणजे अधिकृत हरकत, चालत नाही. एवढं समजावलं, की बरेच जण निवतात. चारचौघांत मान राहिला, की माणूस ऐकतो.

दुसरा मार्ग सर्वांसमोर ताकीद देण्याचा, आणि तरी ऐकलं नाही तर मैदानाबाहेर काढण्याचा. यानं वाद लगेच थांबतो. पण खेड्यातल्या संघासोबत मोठं माणूस एकच असतं. तोच बाहेर गेला तर पोरांकडे कोण पाहील? दुसऱ्या जबाबदार माणसाची सोय आधीच विचारून ठेवावी.

मी पहिलाच मार्ग धरतो. मात्र शिवी दिली, किंवा चेंडू टाकणाऱ्या बारा वर्षांच्या पिचरला रडवलं, तर हळू आवाजाची वेळ गेलेली असते. तिथं खेळ थांबवून ताकीदच द्यावी, मग तो कितीही ओळखीचा असो.