ऑफिसचा फोन आणि व्हॉइसमेल माझ्याकडे आल्यावर: फ्रीपीबीएक्सचा वर्षभराचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते, रामायण नंतर. फ्रीपीबीएक्स (ऑफिसचं फोन एक्स्चेंज कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) चांगलं आहे, मूळ सॉफ्टवेअर फुकट आहे आणि चाळीसेक एक्स्टेंशनच्या कारखान्याला पुरून उरतं. पण ते दुसऱ्या कुणी बसवलेलं असेल आणि तो माणूस नोकरी सोडून गेलेला असेल, तर फोनच्या जोडीला कंपनीने इतक्या वर्षांत घेतलेले आणि कुठेही न लिहिलेले निर्णयही तुमच्या गळ्यात पडतात. माझा निम्मा वेळ ‘ही घंटी नेमकी कुणासाठी वाजतेय?’ हे शोधण्यात गेला.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्यात ॲडमिन बघते. सिस्टिम सांभाळणारा मुलगा बंगळूरला गेला, त्याच्या जागी कुणी आलं नाही आणि ‘मॅडम, तुम्ही एक्सेलमध्ये एवढं सगळं करता, हे काय अवघड आहे?’ असं म्हणत साहेबांनी जिन्याखालच्या सर्व्हर रूमची किल्ली माझ्या हातात ठेवली. तो सर्व्हर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो; तिच्याशी माझी ओळख तेव्हापासूनची.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉल जोडण्याचं खरं काम ॲस्टेरिस्क नावाचं सॉफ्टवेअर करतं. मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाने ते १९९९ मध्ये लिहिलं, कारण त्याच्या छोट्याशा कंपनीला तयार ईपीएबीएक्स (ऑफिसातलं फोन एक्स्चेंज) परवडत नव्हता. फ्रीपीबीएक्स म्हणजे तेच ॲस्टेरिस्क ब्राउझरमधून चालवायची सोय. दोन्ही आता सँगोमा या कॅनडातल्या कंपनीकडे आहेत. काही जास्तीचे मॉड्यूल विकत घ्यावे लागतात. आमचं त्यांच्यावाचून अडलं नाही.

ताबा घेताना पहिल्यांदा पासवर्ड मागा, आणि सगळे मागा. सर्व्हरचा रूट, म्हणजे सर्वाधिकाराचा, पासवर्ड वेगळा, वेबवरच्या ॲडमिनचा वेगळा, लँडलाइन सर्व्हरला जोडणाऱ्या डब्याचा, म्हणजे गेटवेचा वेगळा, ट्रंकचा (फोन कंपनीकडून येणाऱ्या बाहेरच्या लाइनचा) वेगळा, टेबलावरच्या सेटचा आणखी वेगळा. मला मिळालेल्या कागदावर त्यातला एकच होता. गेटवेचा पासवर्ड देखभालीचा करार असलेल्या एजन्सीकडे होता आणि तो द्यायला ‘आमच्या पॉलिसीत बसत नाही’ असं उत्तर आलं. यंत्र आमचं, बिल आमचं, पासवर्ड त्यांचा. कराराचं नूतनीकरण जवळ आलं, तेव्हा तो आपसूक पॉलिसीत बसला.

मग एक्स्टेंशनची यादी. स्क्रीनवर ११४ समोर ज्यांचं नाव होतं ते गृहस्थ निवृत्त होऊन गावी शेती करतायत. खरेदी विभागात त्या सेटला अजून ‘काकांचा फोन’ म्हणतात आणि पुरवठादारही ‘११४ द्या’ असंच सांगतात. अशी नावं बरीच. मी यादीची प्रिंट काढली आणि हातात रजिस्टर घेऊन पूर्ण शॉप फिरले. प्रत्येक सेट उचलायचा, *६५ दाबायचं, फोन स्वतःचा नंबर बोलून दाखवतो. मग *४३ दाबून आपलाच आवाज परत नीट येतो का ते बघायचं. हे दोन कोड पाठ करा, बाकीचे कागदावर असले तरी चालतील. गेटवरच्या मामांना *६० फार आवडला, कारण त्यावर घड्याळ वेळ सांगतं.

आता व्हॉइसमेल, म्हणजे कुणी फोन उचलला नाही तर निरोप रेकॉर्ड करून ठेवायची सोय. याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

डिस्पॅचच्या फोनवर लाल दिवा कायम लागलेला असायचा. विचारलं तर म्हणाले, ‘लाइट म्हणजे फोन चालू आहे ना, मॅडम.’ तो दिवा न ऐकलेल्या निरोपांचा होता. डिस्पॅचची पेटी केव्हाच भरली होती. ॲस्टेरिस्कमध्ये मर्यादा बदलली नसेल तर एका फोल्डरमध्ये १०० निरोप मावतात, त्यानंतर फोन करणाऱ्याला पेटी भरल्याचं ऐकू येतं. सर्व्हरवर प्रत्येक निरोपाच्या जोडीला एक छोटी मजकुराची फाइल असते. त्यात फोन करणाऱ्याचा नंबर, तारीख-वेळ आणि निरोप किती सेकंदांचा हे लिहिलेलं असतं. मी त्या फायली एक्सेलमध्ये ओढल्या आणि चित्र स्पष्ट झालं. बहुतेक निरोप काही सेकंदांचे. ऐकले तर ‘हॅलो... हॅलो... कोणी उचलत नाय रे’ आणि फोन आपटल्याचा आवाज. मधूनच एक खरा: ‘गाडी खेड शिवापूरला उभी आहे, गेटपास कुणाकडे आहे?’ त्या ड्रायव्हरला तेव्हा उत्तर मिळालं का, देव जाणे.

आपल्याकडे मशीनशी बोलायची सवय नाही हे खरं, पण तेवढ्यावर सोडून देणंही बरोबर नाही. जो माणूस व्हॉट्सॲपवर तीन मिनिटांची व्हॉइस नोट टाकतो, तोच बीप ऐकला की गप्प होतो. माझ्या मते याचं कारण म्हणजे पलीकडे कोण ऐकणार आहे, हे त्याला कळत नाही. आमच्याकडे ॲस्टेरिस्कसोबत येणारा इंग्रजी आवाज तसाच ठेवलेला होता. तो ॲलिसन स्मिथ या कॅनडातल्या कलाकार बाईंचा आहे, स्वच्छ आणि छान आहे; पण चाकणच्या ट्रान्सपोर्टवाल्याला तो कंपनीचा वाटत नाही. (निरोप ऐकायला *९८ दाबलं की त्याच बाई ‘कॉमेडियन मेल’ म्हणतात. ते या व्हॉइसमेलचं अधिकृत नाव आहे. अकाउंट्समध्ये यावरून बरेच विनोद झाले.)

म्हणून रिसेप्शनच्या ताईंच्या आवाजात नवं रेकॉर्डिंग केलं. कॉन्फरन्स रूमचा पंखा आणि एसी बंद करून, साध्या मोबाइलवर. मग फाइल ॲस्टेरिस्कला चालते तशी, मोनो, १६ बिट, ८ किलोहर्ट्झ अशी करून घेतली. पहिल्या मजकुरात ‘कृपया बीपनंतर आपला संदेश नोंदवावा’ असं होतं. काही फरक पडला नाही. आताचा मजकूर असा: ‘नमस्कार. ऑफिस आता बंद आहे. तुमचं नाव, गाव आणि चलन नंबर सांगा. उद्या सकाळी साडेदहाच्या आत आमच्या डिस्पॅचमधून फोन येईल.’ काय बोलायचं हे सांगितलं की लोक बोलतात. आणि साडेदहा म्हटलं की साडेदहाला फोन करावाच लागतो. त्यासाठी डिस्पॅचमधल्या एका मुलाच्या कामाच्या यादीत ते लेखी टाकून घेतलं. या एका बदलाने जेवढा फरक पडला तेवढा बाकीच्या सगळ्या सेटिंगनी मिळून पडला नाही.

तरी मुके निरोप येत राहिलेच. याची खुबी समजून घ्यायला वेळ लागला. दोन आकडे असतात: किती सेकंदांच्या शांततेनंतर रेकॉर्डिंग थांबवायचं, आणि किती सेकंदांपेक्षा छोटा निरोप टाकून द्यायचा. आमच्याकडे शांतता १० आणि किमान लांबी ३ होती. म्हणजे कुणी काहीच न बोलता फोन धरून ठेवला, तर दहा सेकंदांची शांतता रेकॉर्ड होऊन निरोप म्हणून जपून ठेवली जाणार. शांततेचा आकडा किमान लांबीपेक्षा कमी हवा. मी ४ आणि ५ केले. अडखळत बोलणारा वयस्कर माणूस त्यात मध्येच तुटू शकतो, पण तशी तक्रार अजून आलेली नाही.

निरोप ई-मेलवर पाठवायची सोय जरूर चालू करा, नाहीतर लाल दिवा पुन्हा शोभेचा होतो. दोन गोष्टी सांभाळा. एक, फाइलचा प्रकार. जागा वाचवणारा जो दाबलेला प्रकार असतो तो बऱ्याच मोबाइलवर वाजत नाही. साधी वेव्ह फाइल मिनिटाला साधारण एक एमबी होते, म्हणजे मेलने आरामात जाते. ज्या प्रकाराचं नाव सेटिंगमध्ये पहिलं, तोच मेलला जोडला जातो. दोन, ‘मेल गेल्यावर सर्व्हरवरून पुसा’ हा पर्याय सामाईक पेटीला कधीही लावू नका. मेलचा पासवर्ड बदलला की मेल बाहेर जात नाही आणि निरोप मात्र पुसलेला असतो.

पिनचंही तेच. निम्म्या पेट्या उघडायचा पिन म्हणजे एक्स्टेंशनचाच नंबर. ॲस्टेरिस्कच्या हिशेबात असा वापरणारा ‘नवा’ असतो. हवं तर त्याला नाव रेकॉर्ड केल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. बाहेरच्या कुणालाही हा पिन पहिल्या झटक्यात सुचेल. सगळे बदलले. दोन दिवस शिव्या खाल्ल्या.

बाहेरच्या लाइनचं प्रकरण वेगळं. लेटरहेडवर, टेम्पोवर, जुन्या पंपांच्या नेमप्लेटवर जो ०२० चा नंबर छापलाय, तो तांब्याच्या तारेवरचा आहे. कंपनी बदलून नंबर तोच ठेवायची सोय आपल्याकडे मोबाइलला आहे, लँडलाइनला नाही. म्हणून नवी एसआयपी ट्रंक (तांब्याच्या तारेऐवजी नेटवर्कवरून येणारी लाइन) घेतली तरी जुन्या तारांच्या जोड्या गेटवेतून चालूच ठेवाव्या लागल्या. त्या गेटवेला भारतातला ‘एंगेज’चा सूर माहीत असावा लागतो: ४०० हर्ट्झ, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. आमचा गेटवे दुसऱ्या देशाच्या सेटिंगवर होता. समोरच्याने फोन ठेवला तरी त्याला कळायचं नाही आणि लाइन तासन् तास अडकून राहायची. लाइनमन येऊन क्रोनवरच्या (तारा जोडायच्या पट्टीवरच्या) जोड्या तपासून जायचा, लाइन ‘ओके’ असल्याचं सांगायचा आणि संध्याकाळी पुन्हा तेच.

डायल करायचे नियमही जुनेच होते. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी ० लावावा लागतो. आमच्याकडे बाहेरच्या लाइनसाठी ९ दाबायचा रिवाज, त्यामुळे कुणी ९० लावायचं, कुणी ९, आणि निम्मे कॉल पडायचे. आता नियम असा: ९ नंतर ६ ते ९ ने सुरू होणारे दहा अंक आले की शून्य सिस्टिम स्वतः लावते. आणि आणीबाणीच्या ११२ ला ९ ची गरजच ठेवली नाही. पाय अडकलेला माणूस समोर असताना कुणाला ९ आठवणार आहे?

सुरक्षिततेबद्दल एकच सांगते. फोनचा सर्व्हर इंटरनेटला उघडा ठेवू नका. ५०६० पोर्ट (फोनचे कॉल ज्या दारातून सर्व्हरवर येतात ते) बाहेरून उघडं होतं आणि लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, दिसलं की कुठून कुठून लोक १००, १०१, १०२ असे एक्स्टेंशनचे नंबर लावून पासवर्ड चाचपत होते. घुसले की रात्रभर परदेशी महागडे नंबर लावतात आणि बिल आपल्या नावावर. पोर्ट बंद केलं, ०० ने सुरू होणारे कॉल सर्व्हरवर अडवले आणि ट्रंक देणाऱ्या कंपनीकडूनही आंतरराष्ट्रीय सेवा काढून घेतली. निर्यात बघणाऱ्या दोघांना व्हॉट्सॲप पुरतं.

अपग्रेडची कटकट मात्र धरून चाला. आमची फ्रीपीबीएक्सची आवृत्ती १६ सेंटओएस ७ या लिनक्सवर होती आणि त्या सेंटओएसचा आधार ३० जून २०२४ ला संपला. आवृत्ती १७ डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्सवर चालते, त्यामुळे आहे त्याच यंत्रावर बटण दाबून वर जाता येत नाही. नवं यंत्र, नवी मांडणी, त्यावर जुना बॅकअप. शिवाय जुन्या पद्धतीने जोडलेले सेट पीजेएसआयपी या नव्या पद्धतीवर न्यावे लागतात, कारण ॲस्टेरिस्क २१ पासून जुनी पद्धत काढूनच टाकली आहे. हे काम आम्ही दिवाळीच्या सुट्टीत केलं, एका ओळखीच्या मुलाला पैसे देऊन. एकटीने केलं नसतं.

घ्यावं का? दहा-बारा माणसांचं ऑफिस असेल तर नको, महिन्याच्या भाड्यावर मिळणारी सेवा घ्या आणि मोकळे व्हा. तीस-चाळीसच्या पुढे असाल, एखादा चिकाटीचा माणूस असेल आणि पासवर्ड तुमच्याच कपाटात राहणार असतील, तर जरूर घ्या. पीओई स्विचला (नेटवर्कच्या तारेतूनच फोनला वीज देणाऱ्या डब्याला) यूपीएस वेगळा द्या, नाहीतर लाइट गेली की सगळे फोन एकदम मरतात. आमच्या गेटवर याच कारणासाठी तांब्याच्या तारेवरचा एक साधा सेट ठेवलाय.

फॅक्स तेवढा राहिला. एक जपानी ग्राहक अजून ऑर्डर फॅक्सनेच पाठवतो. ती लाइन गेटवेतून घ्यायचा प्रयत्न केला, तर पानं अर्धी यायची. आता ती भिंतीतून थेट मशीनमध्ये जाते, आणि साहेबांनी कितीही सांगितलं तरी तिला मी हात लावणार नाही.