जीएसटीच्या चलनावर 'एक्स्पायरी डेट' छापलेली होती, तरी मी ते भरलेलं समजलो

एप्रिल ते सप्टेंबर २०२४. महिनावार ११,८४०, १३,२६०, ९,७१५, १२,४८०, १४,३९० आणि १६,०२५ रुपये. हे एकूण ७७,७१० रुपये हार्डवेअर दुकानाच्या जीएसटीचे म्हणून मी अमळनेरच्या एका कर सल्लागाराच्या खात्यावर टाकले, वर महिन्याला हजार रुपये फी. सरकारजमा शून्य. डिसेंबरात जळगावचा होलसेलवाला बिल करायला बसला आणि म्हणाला, "तुमचा नंबर रद्द दाखवतोय." तेव्हा कळलं.

दर महिन्याला चलनाची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर यायची. दुकानाचं नाव, जीएसटी नंबर, केंद्र आणि राज्याचे रकाने, रक्कम, सगळं रुपयाला रुपया बरोबर. यावर कोण शंका घेईल? पण त्याच कागदावर 'एक्स्पायरी डेट' होती. सहाच्या सहा चलनांवर. भरलेल्या पावतीला मुदत कसली? मुदत असते न भरलेल्या चलनाला, तयार केल्यापासून १५ दिवस. मी नाव बघितलं, रक्कम बघितली आणि त्या ओळीवरून सहा वेळा नजर नुसती पुढे नेली. अजून डोळ्यांसमोरून जात नाही ती ओळ.

असलं चलन कुणीही काढतं, लॉगिनसुद्धा लागत नाही. त्यावरचा १४ अंकी सीपीआयएन म्हणजे चलन फक्त तयार झालं. पैसे जमा झाले की त्याच आकड्यापुढे बँकेची तीन अक्षरं लागून १७ चा सीआयएन बनतो. तो मागा. जीएसटी पोर्टलवर 'ट्रॅक पेमेंट स्टेटस'मध्ये जीएसटी नंबर आणि सीपीआयएन टाकून स्वतः बघा, तिथंही लॉगिन नको. आणि सीआयएन आला म्हणून निवांत होऊ नका. पैसे कॅश लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या तुमच्या खात्यात, पडून राहतात. जीएसटीआर-३बी हे महिन्याचं रिटर्न दाखल होऊन एआरएन, म्हणजे पोच क्रमांक, आला तरच कर भरला. 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये स्वतःचा नंबर टाकला की कोणत्या महिन्याचं रिटर्न कधी गेलं ते दिसतं.

मला हे सांगणार कोण होतं? नोंदणी त्या सल्लागारानेच केली, मोबाईल-ईमेल त्याचेच दिले. ओटीपी त्याला, थकीत रिटर्नच्या नोटिसा त्याला, नोंदणी रद्द करण्याची आरईजी-१७ नोटीससुद्धा त्यालाच. मी विचारलं की एकच उत्तर: "भाऊ, काळजी नको करू, मी शे ना."

कर कार्यालयात गेलो तर ऐकवलं, "सल्लागार तुम्ही नेमला, जबाबदारी तुमची." कायद्याने खरं असेल. पण सहा महिने रिटर्न नाही, आणि दुकानाच्या पत्त्यावर एक कागद पाठवावासा वाटला नाही? दुकानाची पाटी रस्त्यावरून दिसते! मोबाईल-ईमेल बदलून देण्याचा अधिकार तिथल्याच अधिकाऱ्याकडे असतो, कागदपत्रं बघून तो नवा तात्पुरता पासवर्ड पाठवतो. त्या एका कामाला चार फेऱ्या. एकदा साहेब मीटिंगला, एकदा सर्व्हर बंद, एकदा भाडेकराराची झेरॉक्स साक्षांकित नाही. पोलीस ठाण्यात तर "हा दिवाणी मामला, कोर्टात जा." लोकांकडून कराचे म्हणून पैसे घेऊन खिशात घालायचे, हा दिवाणी मामला? सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाईनवर फोन केला तर म्हणे पैसे तुम्हीच पाठवलेत.

सहा रिटर्नची लेट फी प्रत्येकी २,००० प्रमाणे १२,०००. उलाढाल दीड कोटीच्या आत, म्हणून तेवढ्यावर थांबली. २० जानेवारी २०२५ पर्यंतचं १८ टक्क्यांनी व्याज ६,२४६. मूळ कर पुन्हा ७७,७१०. म्हणजे ९५,९५६ दुसऱ्यांदा गेले. वर सल्लागाराची सहा हजार फी.

नंबर रद्द झाला असेल तर आदेश बजावल्याच्या तारखेपासून ९० दिवसांत तो पुन्हा चालू करण्याचा आरईजी-२१ अर्ज भरा. आधी थकलेली रिटर्न, मगच अर्ज. दिवस मोजून ठेवा. नोंदणीत मोबाईल आणि ईमेल आजच स्वतःचे करून घ्या. कराचे पैसे कुणाच्याही वैयक्तिक खात्यावर टाकू नका, चलन सल्लागाराने काढावं, नेटबँकिंगने तुम्ही भरा. फी वेगळी द्या.

पोलिसांनी तक्रार घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली ती पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, तिथं दाद नाही मिळाली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ आणि विश्वासघाताचं ३१६, दोन्ही लिहा. माझी तक्रार सहा चलनं आणि बँक स्टेटमेंट जोडून रजिस्टर पोस्टाने गेली आहे. पोचपावती आली, उत्तर अजून नाही.